बोळाचं मोजमाप

टेपचं एक टोक यल्लव्वाच्या हातात दिलं,
पहाटे बोळ झाडते ती.
उद्यमनगरच्या मागची बाजू : लांबी एकशे चाळीस फूट,
रुंदी, दोन सायकली खेटून जातील एवढी.
डावीकडं फौंड्रीची पाठ,
उजवीकडं सोसायटीची भिंत, साडेसात फूट,
वर बाटल्यांच्या काचा.

अर्जात लिहिलेलं :
‘दोन वर्षांत चार मंगळसूत्रं गेली,
तरी भिंत आणखी दोन फूट वाढवून मिळावी.’

ही भिंत कधीची?
यल्लव्वा म्हणाली, ‘पहिलं मंगळसूत्र गेलं, त्यानंतरची.’
आणि बाकीची तीन?
‘ती भिंत झाल्यावरची की ओ.’

रात्री पुन्हा गेले, पावणेबाराला,
सेकंड शिफ्ट सुटायच्या वेळी.
दिवा पंचवीस फुटांवर, करंजाच्याही वर.
पानं न् पान लखलखत होतं,
खाली माझा हात मला दिसेना.
महापालिका रोज रात्री
एका झाडाला उजेड पुरवत होती.

शकिला मुजावरची खिडकी बोळाकडं,
पण आतून फळ्या ठोकलेल्या.
‘उघडून बघायचं काय? काचा?’
मशीन उलट्या तोंडानं मांडलेलं.
चौदा वर्षं, रोज दहा तास,
एक जागं माणूस
या बोळाला पाठ करून ब्लाउज शिवत होतं.

मग मी लिहिलं :
भिंत तीन फुटांवर उतरवावी.
दिवा बारा फुटांवर घ्यावा, चेहऱ्यावर पडेल असा.
फौंड्रीला या बाजूनं एक दार.
शकिलाच्या खिडकीसमोर कट्टा,
उंची अठरा इंच, वर कडाप्पा.

साहेब म्हणाले, ‘चोर थांबवायला कट्टा बांधायचा?’
म्हटलं, साहेब, कोल्हापुरात कट्टा कशाला असतो
ते मी तुम्हाला सांगायचं?
हसले. सही केली नाही.
सही मार्चअखेर झाली,
निधी परत जाऊ नये म्हणून.

शकिलानं मशीन फिरवलं.
आता टाका घालता घालता मान वर करते,
कोण आलं, कोण गेलं,
कुणाची गाडी दोनदा फिरून गेली,
सगळं तिच्या पायाच्या तालात नोंदलं जातं.
शिफ्टची माणसं नव्या दारातनं बाहेर पडतात,
डबे वाजवत.
कट्ट्यावर पोरं रात्री अकरापर्यंत,
पेठेच्या टीमला मिळालेली पेनल्टी
खरी की खोटी, यावर गळे काढत.
वर्ष झालं, बोळात काही गेलं नाही.
फाईल बंद करताना शेरा मारला : समाधानकारक.

तेव्हा आला दुसरा अर्ज. अक्षर तेच.
‘कट्ट्यावर टवाळ पोरं बसतात,
तरी कट्ट्यास लोखंडी टोकं बसवून मिळावीत.’
मी हसून तो बाजूला ठेवला.

यल्लव्वा दारात उभी होती. हातात झाडू नव्हता.
‘रेणुकाचं गेलं काल. माझ्या सुनेचं.
पलीकडच्या बोळात.’
तिकडून कशाला आली ती? लांबचा रस्ता तो.
‘इकडं पोरं असतात ना कट्ट्यावर.
काही बोलत नाहीत तशी.
नुसती गप्प होतात, ती आली की.
एकशे चाळीस फूट.’

कागदावर सगळं बरोबर होतं.
तीन फूट, बारा फूट, अठरा इंच.
ती शांतता किती फुटांची,
ते मी मोजलं नव्हतं.
कट्ट्यावर कोण बसेल, ते लिहायला
नकाशात रकानाच नव्हता.

बाजूला ठेवलेला अर्ज पुन्हा वर काढला.
टोकं नाही बसवणार.
पण मघाशी जशी हसले, तशीही नाही हसणार.

टेप घेऊन दोघी निघालो, रेणुकाही आली.
गळ्यावर ओरखडा, पदर घट्ट.
मी सवयीनं बोळाच्या तोंडाशी थांबले.
‘हितनं नाही,’ ती म्हणाली,
आणि टोक घेऊन मागं चालत गेली,
फौंड्रीच्या नव्या दारापर्यंत,
जिथं ती रोज रात्री थांबते
आणि ठरवते, आज कुठनं जायचं.